प्रश्न तुमचे : सटन हूची टेकाडे आणि त्यांच्या पोटातली वाळू

इंग्लंडच्या सफक परगण्यात, वुडब्रिज गावाच्या समोर, डेबेन नदीच्या पलीकडच्या काठावर सटन हू ही इस्टेट आहे. नदीपासून सुमारे ३० मीटर उंचीवरच्या वाळवट सपाटीवर सहाव्या-सातव्या शतकांतली अठराएक दफनटेकाडे आहेत. इस्टेटीच्या मालकीणबाई इडिथ प्रेटी यांनी १९३८ आणि १९३९ मध्ये त्यांतली काही बेझिल ब्राउन या स्थानिक उत्खननकाराकडून खणून घेतली आणि टेकाड क्रमांक १ मध्ये २७ मीटर लांबीच्या जहाजासह एक राजेशाही दफन सापडले. या विषयावर आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

लाकडाचा एक तुकडाही उरला नव्हता म्हणतात. मग जहाज सापडले म्हणजे नेमके काय सापडले? आमच्याकडे होड्या बांधतात, म्हणून विचारतो. – एक वाचक, रत्नागिरी

सापडले ते लोखंडी रिव्हेट, म्हणजे फळ्या एकमेकींना आवळून धरणारे खिळे, आणि वाळूत उमटलेला आकार. या जहाजाच्या फळ्या एकमेकींच्या कडेवर कड चढवून जोडलेल्या होत्या. दोन्ही बाजूंना प्रत्येकी नऊ. जिथे कड चढते तिथे ठरावीक अंतराने रिव्हेट ठोकलेले. लाकूड कुजत गेले तशी त्याची जागा बाजूच्या वाळूने घेतली, पण गंजाने रिव्हेटभोवतीची वाळू आवळून धरली. त्यामुळे रिव्हेट जागच्या जागी राहिले आणि फळ्यांच्या जागी काळपट, किंचित घट्ट वाळूचा पातळ पापुद्रा उरला. मेण वितळून गेल्यावर ओतकाऱ्याच्या हाती साचा राहावा, तसे.

ब्राउन यांनी ८ मे १९३९ ला या टेकाडात आडवा चर घेतला. तीन दिवसांनी, ११ मेला, पहिला रिव्हेट हाताला लागला. तो उचलून पुढे खणले असते तर जहाज तिथेच संपले असते. पण जवळच्या स्नेप गावी १८६२ मध्ये असेच जहाज-दफन मिळाले होते आणि तिथले रिव्हेट कसे दिसतात हे ब्राउन यांना ठाऊक होते. त्यांनी पद्धत लगेच बदलली. टोकाकडून सुरुवात करून जहाजाच्या आतली वाळू वरून खाली थराथराने काढायची आणि कडेजवळ आले की फावडे बाजूला ठेवायचे. रिव्हेटला चिकटलेला शेवटचा थर ब्रश, चाकू आणि भात्याच्या वाऱ्याने मोकळा करायचा. रिव्हेट उपटायचा नाही, फक्त उघडा करायचा. या कामात त्यांच्या हाताशी कोळसे ओढायचे फावडे, स्वयंपाकघरातला ब्रश आणि खिशातला चाकू होता. शिकलेल्या पुरातत्त्वज्ञांनी याला नाके मुरडली, पण जहाज वाचले ते याच कामामुळे.

असे काम तीन ठिकाणी बिघडते. वाळू कोरडी पडली की पापुद्र्याचा रंग जातो आणि तो झडतो, म्हणून ओलावा टिकवावा लागतो. चराच्या भिंती उभ्या ठेवल्या की ढासळतात, म्हणून पायऱ्या करत रुंदी वाढवावी लागते. आणि बाहेरच्या बाजूने खणत आत आलात तर आकार कळण्याआधीच तो तुटलेला असतो.

होडी बांधणाऱ्यांसाठी आणखी थोडे : रुंदी सर्वांत जास्त तिथे सुमारे ४.४ मीटर, आतून आधार देणाऱ्या २६ बरगड्या. वल्ही टेकवण्याच्या खुंटांच्या खुणा काठावर आहेत. डोलकाठीची निश्चित खूण मात्र नाही. काही ठिकाणी रिव्हेट जास्तीचे आणि दाट होते, म्हणजे फळी बदललेली किंवा ठिगळ मारलेले. जहाज दफनासाठी मुद्दाम बांधलेले नव्हते. वापरून झालेले, दुरुस्त केलेले होते. या एका तपशिलासाठीच रिव्हेट जागेवर ठेवण्याचा खटाटोप सार्थकी लागला असे आम्हाला वाटते.

एवढे जहाज ३० मीटर चढावर नेले कसे? – एक वाचक, वसई

ओढून. नदीकाठापासून सपाटीपर्यंत चढ आहे आणि त्यावर लाकडी ओंडके टाकून माणसांनी आणि बहुधा जनावरांनीही दोरांनी ओढले असावे. वर आधीच लांब खंदक खणून ठेवला होता. त्यात जहाज उतरवले, मधोमध लाकडी खोली उभारली, वस्तू मांडल्या, छत घातले आणि वर माती रचली. वेगळा पुरावा नसल्याने ओढण्याच्या पद्धतीचे चित्र इतपतच रंगवता येते.

बाकीची टेकाडे लुटली गेली आणि नेमके मोठेच कसे वाचले? लुटारू इतके मूर्ख होते का? – एक वाचक, पुणे

मूर्ख मुळीच नव्हते. टेकाडाच्या माथ्यावर उभे राहून सरळ खाली खड्डा पाडायचा ही त्यांची पद्धत होती आणि बहुतेक वेळा ती बरोबरच ठरते, कारण दफन मध्यावर असते. टेकाड क्रमांक १ मध्ये ती चुकली, कारण मध्य हलला होता. मध्ययुगात शेताची हद्द आखताना या टेकाडाच्या पश्चिम टोकाचा एक भाग छाटला गेला. उरलेल्या मातीचा दिसणारा मध्य त्यामुळे पूर्वेकडे सरकला. नंतर आलेल्यांनी दिसणाऱ्या मध्यावर खोल खड्डा पाडला आणि त्यांची दफनखोली हुकली. थोडा वेळ चूल पेटवून, खाऊन-पिऊन ते निघून गेले. त्यांच्या मद्याच्या बुधल्याचे तुकडे त्या खड्ड्यातच मिळाले आणि त्यावरूनच ही लूट सोळाव्या-सतराव्या शतकाच्या आसपासची ठरते.

टेकाड क्रमांक १७ ची गोष्ट याहून मजेची आहे. तिथे एका टेकाडाखाली दोन खड्डे होते : एकात शवपेटीतला तरुण, तलवार, ढाल, भाले, कढई आणि घोड्याचा लगाम-साज यांसह, शेजारच्या दुसऱ्यात त्याचा घोडा. लुटारूंनी शिरस्त्याप्रमाणे मध्यावर खणले आणि ते दोन्ही खड्ड्यांच्या बरोबर मधल्या मातीत उतरले. दोन्ही दफने तशीच राहिली. पुरातत्त्वज्ञ मार्टिन कार्व्हर यांच्या पथकाला ती १९९१ मध्ये मिळाली.

टेकाड क्रमांक १४ मात्र लुटले गेले. तिथे एका श्रीमंत स्त्रीचे दफन होते. लुटीच्या वेळी जोराचा पाऊस झाला असावा, कारण खड्ड्यातल्या गाळात बारीक वस्तू रुतून राहिल्या आणि लुटारूंना दिसल्या नाहीत. पुरातत्त्वाला अशा पावसाचे उपकार मानावे लागतात.

सगळ्यांत वाईट प्रसंग मात्र लुटीचा नव्हे. नोव्हेंबर १८६० च्या इप्सविचच्या वर्तमानपत्रात बातमी आहे : एका टेकाडातून जवळजवळ दोन बुशेल, म्हणजे सत्तरेक लिटर मापाचे, लोखंडी खिळे निघाले आणि ते लोहाराकडे नाल बनवायला पाठवले. ते खिळे म्हणजे दुसऱ्या एखाद्या जहाजाचे रिव्हेट असणार. सोने गेले तर वस्तू जाते. रिव्हेट हलले की अख्खे जहाज जाते, आणि ते विकतही घेता येत नाही.

थडग्यात शव नव्हते म्हणून ते नुसते स्मारक होते असे वाचले. खरे काय? – एक वाचक, नाशिक

१९३९ मध्ये शवाचा मागमूस दिसला नाही म्हणून ही शंका बराच काळ टिकली. पण सटन हूची माती आम्लधर्मी वाळूची आहे. पाणी झिरपत राहते, हवा खेळती असते आणि हाडातले कॅल्शियम विरघळते. शतकानुशतके असे चालले की हाड राहतच नाही. १९६० च्या दशकात पुन्हा उत्खनन झाले तेव्हा खोलीच्या जागेतल्या मातीत फॉस्फेटचे प्रमाण तपासले आणि ते वाढलेले आढळले. म्हणजे तिथे देह होता, तो मातीत मिसळला आहे. आज बहुतेक अभ्यासक हेच मानतात.

त्याच पठारावर नंतरच्या काळातली, आठव्या ते अकराव्या शतकांच्या दरम्यानची, एकूण ३९ दफनेही आहेत, ती शिक्षा दिलेल्या लोकांची. त्यांतल्या काहींची हाडे पूर्ण गेली आहेत आणि देहाच्या जागी गडद, घट्ट वाळूचा उठाव उरला आहे. गुडघे मुडपलेले, हात मागे, मान वळलेली, हे त्या वाळूत वाचता येते. यांना तिथे वाळूचे देह म्हणतात. ते उघडताना पापुद्रा सुटू नये म्हणून वाळू आवळून धरणारा द्रव फवारतात आणि बाहेरची सैल वाळू कणाकणाने काढतात. जुनी टेकाडे नव्या सत्तेच्या काळात वधस्तंभाची जागा झाली, हा बदल राजाच्या सोन्याइतकाच बोलका आहे.

राजा कोण, असे विचारणारे तीन-चार जण आहेत. पूर्व अँग्लियाचा राजा रेडवाल्ड हे नाव सर्वाधिक घेतले जाते. त्याचा मृत्यू ६२४-२५ च्या सुमाराचा. थडग्यातल्या थैलीतली ३७ फ्रँकिश, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या बाजूची, सोन्याची नाणी साधारण याच काळाकडे बोट दाखवतात. त्यांतले प्रत्येक नाणे वेगळ्या टांकसाळीचे आहे. सोबत छाप न मारलेल्या तीन कोऱ्या चकत्या आणि दोन लहान लगडी होत्या. नावानिशी पुरावा मात्र थडग्यात नाही.

शिरस्त्राण दोनदा जोडावे लागले असे का? – एक वाचक, बेळगाव

खोलीचे छत कोसळले तेव्हा लोखंड पूर्ण गंजून ठिसूळ झालेले होते. धातू धड असता तर शिरस्त्राण चेपले असते. ठिसूळ झाल्याने ते पाचशेहून अधिक तुकड्यांत फुटले. हर्बर्ट मॅरियन यांनी १९४५-४६ मध्ये ते डोक्याच्या आकाराच्या साच्यावर जोडले. त्यात मान उघडी पडत होती आणि जबड्याकडे फटी राहत होत्या. लढणाऱ्या माणसाने असे कशाला घालावे, हा प्रश्न उरला. १९६८ नंतर ते पुन्हा सुटे केले गेले आणि १९७०-७१ मध्ये नायजल विल्यम्स यांनी नव्याने जोडले. आधी आकार ठरवून त्यात तुकडे बसवायचे नाहीत, हा त्यांचा नियम होता. प्रत्येक तुकड्याची जाडी, वक्रता, गंजाचा रंग आणि आतल्या बाजूचा पोत पाहून जोड्या लावल्या. त्याला दीड वर्ष लागले. आज ब्रिटिश म्युझियममध्ये दिसते ते हे.

घरी फुटलेले जुने मातीचे भांडे जोडताना वाचकांनीही हाच क्रम ठेवावा : आधी पृष्ठभाग आणि जाडी, नंतर कडा, आकार सर्वांत शेवटी. आणि कायमचा चिकटणारा गोंद वापरू नये. चूक कळली तर सोडवता आले पाहिजे.

त्या दागिन्यांतले लाल खडे भारतातले होते का? माझा सराफी व्यवसाय आहे. – एक वाचक, कोल्हापूर

काही असण्याची शक्यता चांगली आहे, सगळे नाहीत. पाचव्या-सहाव्या शतकांत युरोपात आलेल्या गार्नेटपैकी, म्हणजे आपल्याकडच्या तामड्यापैकी, मोठा भाग भारत आणि श्रीलंकेतून समुद्रमार्गे येत होता, हे खड्यांच्या रासायनिक विश्लेषणातून दिसते. पुढे तो पुरवठा आटला आणि बोहेमियाचे (आजच्या चेक प्रजासत्ताकातले) बारीक खडे अधिक वापरात आले. सटन हूचे काम या बदलाच्या उंबरठ्यावरचे आहे आणि कारागीर जुने दागिने मोडून खडे पुन्हा वापरतच असत.

तुमच्या कामाच्या दृष्टीने बघण्यासारखी गोष्ट खड्याच्या मागे आहे. सोन्याच्या उभ्या पातळ पट्ट्यांचे घर, त्यात तासून पातळ केलेला तामडा, आणि त्याखाली बारीक जाळीचा ठसा उमटवलेला सोन्याचा वर्ख. जाळीच्या प्रत्येक घरातून प्रकाश परततो, म्हणून गडद लाल खडा आतून पेटल्यासारखा दिसतो. वर्ख सपाट असता तर तोच खडा काळा दिसला असता. खांद्याच्या जोडपट्ट्यांवर आणि थैलीच्या झाकणावर हे काम पाहावे. मोठे सोन्याचे बक्कल मात्र बिनखड्याचे आहे, वजन सुमारे ४१३ ग्रॅम. त्यावर एकमेकांत गुंतलेले प्राणी आणि साप कोरले आहेत.

जमीन प्रेटीबाईंची, मग सरकारने सोने घेतले नाही? आणि आपल्याकडे असे निघाले तर? – एक वकील वाचक, सोलापूर

१४ ऑगस्ट १९३९ रोजी सटन गावच्या सभागृहात कोरोनरसमोर, म्हणजे अशा सापडलेल्या धनाची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यासमोर, जूरी बसली. तेव्हाच्या इंग्लिश कायद्यानुसार सोने-चांदी राजाची होण्यासाठी ती परत काढून घेण्याच्या हेतूने लपवलेली असावी लागत. इथे तर जहाज ओढत वर आणले, लोकांसमोर दफन केले, वर टेकाड रचले. लपवणे नव्हते आणि परत काढण्याचा हेतूही नव्हता. जूरीने ऐवज जमीनमालकाचा ठरवला. प्रेटीबाईंनी तो सगळा ब्रिटिश म्युझियमला दान केला. तीन आठवड्यांत युद्ध सुरू झाले आणि हा ऐवज लंडनच्या ऑल्डविच भुयारी रेल्वेच्या बोगद्यात ठेवला गेला. उघड्या जहाज-खंदकावर नेचे पसरून ठेवली होती. त्या जागेवरून युद्धकाळात लष्करी वाहने फिरली आणि साच्याला इजा झाली.

आज इंग्लंडमध्ये १९९६ चा कायदा लागू आहे. ३०० वर्षांहून जुनी आणि वजनाने किमान १० टक्के सोने वा चांदी असलेली वस्तू सापडली तर १४ दिवसांत कोरोनरला कळवणे बंधनकारक आहे. हेतू आता विचारत नाहीत. २०२३ पासून महत्त्वाच्या इतर धातुवस्तूही त्यात आल्या. संरक्षित स्मारकावर परवानगीवाचून मेटल डिटेक्टर चालवणे हा तिथे १९७९ च्या कायद्याने गुन्हा आहे.

आपल्याकडे १८७८ चा भारतीय निखात-निधी कायदा अजून चालतो. जमिनीत लपलेली १० रुपयांहून अधिक किमतीची वस्तू मिळाली की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचे : काय मिळाले, अंदाजे किंमत, जागा आणि तारीख. वस्तू कोषागारात ठेवायची किंवा हवी तेव्हा हजर करण्याचे तारण द्यायचे. मालक पुढे आला नाही आणि सापडवणारा व जमीनमालक यांच्यात वेगळा करार नसेल तर तीन चतुर्थांश सापडवणाऱ्याचे, एक चतुर्थांश जमीनमालकाचे. सरकारला वस्तू हवी असेल तर किमतीत एक पंचमांश भर घालून ती घेता येते. न कळवता दडपले तर हा वाटा जातो आणि शिक्षाही होते. १० रुपयांची मर्यादा १८७८ मधली आहे. ती वाचून हसू येते, पण तिचा परिणाम असा की आज जवळजवळ काहीही त्यात बसते.

मी इप्सविचजवळ राहते. आई-बाबा भारतातून येणार आहेत. एका दिवसात काय दाखवावे? – एक वाचक, सफक

दोन्ही एका दिवसात नको. मूळ वस्तू लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये, दालन क्रमांक ४१ मध्ये आहेत. प्रवेश विनामूल्य आहे. सटन हूला प्रतिकृती, टेकाडे आणि मोकळे पठार आहे. इप्सविचहून लोस्टॉफ्टकडे जाणाऱ्या गाडीने मेल्टन स्थानकावर उतरा. तिथून सुमारे दोन किलोमीटर चालावे लागते आणि वाट शेवटी चढाची आहे. बाबांचे गुडघे दुखत असतील तर टॅक्सी करा.

आधी १७ मीटर उंचीच्या मनोऱ्यावर चढा. टेकाडांची रांग आणि नदी एकत्र दिसली की हा काठ का निवडला ते सांगावे लागत नाही. बहुतेक टेकाडे नांगरामुळे आणि खणाखणीमुळे चपटी झाली आहेत. एकच डौलाने उभे दिसेल, ते टेकाड क्रमांक २. ते उत्खननानंतर मूळ उंचीच्या अंदाजाने पुन्हा रचलेले आहे, हे आईंना आधीच सांगा, नाहीतर सगळे फोटो त्याचेच निघतील. टेकाडांवर चढू नये. मऊ वाळूवर पायवाट पडली की गवत जाते आणि पाऊस माती वाहून नेतो. सशांची बिळे आणि झाडांची मुळे हेही तिथले कायमचे शत्रू आहेत. उत्तम वेळ म्हणजे हिवाळ्यातली दुपार. सूर्य खाली असतो आणि उन्हाळ्यात न दिसणारे उठावही सावलीने उमटतात.

हिंगणा तालुक्यातल्या आमच्या शेतात मोठ्या दगडांचे गोल आहेत, मध्ये मुरमाचा उंचवटा. हेही दफनच का? ट्रॅक्टर फिरवता येत नाही म्हणून भाऊ दगड बांधावर लावायचे म्हणतो. – एक वाचक, नागपूर जिल्हा

पत्रासोबतच्या फोटोवरून दगडांची रांग गोलाकार आणि मधला भाग भरावाचा दिसतो. विदर्भात अशा शिळावर्तुळांचे दाट क्षेत्र नागपूर परिसरातच आहे : जुनापाणी, माहुरझरी, टाकळघाट-खापा, नायकुंड. जुनापाणीला एकोणिसाव्या शतकात रिव्हेट-कार्नॅक या ब्रिटिश अधिकाऱ्याने खणले, पुढे पुरातत्त्वज्ञ शां. भा. देव यांच्या पुढाकाराने माहुरझरी, टाकळघाट-खापा आणि नायकुंडचे उत्खनन झाले. ही दफने इ.स.पू. पहिल्या सहस्रकातली, लोखंड वापरणाऱ्या समाजाची आहेत. लोखंडी हत्यारे, काळी-तांबडी भांडी, कार्नेलियनचे मणी असा ऐवज मिळतो. माहुरझरीला घोड्याचे दफन आणि त्याच्या डोक्याचे तांब्याचे दागिनेही मिळाले. सटन हूच्या घोड्याशी त्याचा संबंध जोडू नये. दोहोंत हजाराहून अधिक वर्षांचे अंतर आहे. पण माणूस आणि त्याचे वाहन एका जागी पुरण्याची कल्पना वेगवेगळ्या ठिकाणी स्वतंत्रपणे सुचली, एवढे खरे.

भावाला दगड हलवू देऊ नका. वर्तुळ शास्त्रज्ञांना उपयोगी पडते ते दगडांच्या जागेमुळे, दगडांमुळे नव्हे. बांधावर गेलेला दगड आणि लोहाराकडे गेलेला रिव्हेट यांत फरक नाही. आधी हे करा :

वर्तुळाच्या बाहेर उभे राहून दगडांना उत्तरेकडून घड्याळाच्या दिशेने क्रमांक द्या, कागदावर. दगडावर रंग किंवा खडू लावायचा नाही. दोन काटकोनातले व्यास टेपने मोजा. मोबाइलवर मध्याचे अक्षांश-रेखांश टिपा. फोटो सकाळी लवकर किंवा सूर्यास्ताआधी घ्या, प्रत्येकात मीटरची काठी ठेवा आणि उत्तर कुठे ते वहीत लिहा. दगडांच्या बाहेरच्या अंगावर वाटीसारखे गोल खळगे आहेत का पाहा. जुनापाणीसारख्या ठिकाणी ते रांगेने कोरलेले आढळतात. माती चिकटलेली असेल तर पाण्याने किंवा तारेच्या ब्रशने घासू नका. कोवळ्या सूर्यप्रकाशात ते घासल्याविना दिसतात. पृष्ठभागावर खापर किंवा मणी दिसला तर फोटो काढून जागीच ठेवा.

मग भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नागपूर मंडळाला आणि राज्य पुरातत्त्व विभागाला हा तक्ता पत्रासह द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगून उपयोग नाही. नागपूर जिल्ह्यातली काही शिळावर्तुळे केंद्राने संरक्षित केलेली आहेत. तुमची त्यांत असतील तर भोवतीच्या १०० मीटरमध्ये बांधकामाला मनाई आणि पुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी घेऊनच बांधकाम, असा नियम आहे. नोंद नसेल तरी तलाठ्याकडे गट क्रमांक सांगून ठेवा.

ट्रॅक्टरच्या अडचणीवर मार्ग आहे. वर्तुळाच्या बाहेर दोन-तीन मीटरची पट्टी पडीक सोडा आणि नांगर तिथून वळवा. मधल्या भरावात झाड लावू नका. मुळे खाली जाऊन भांडी फोडतात. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते, त्यामुळे दगड आपोआप कलतात. कललेला दगड सरळ करण्याचा मोह टाळा.

मेटल डिटेक्टर भाड्याने आणून पाहू का? – त्याच गावचे दुसरे वाचक

नको. यंत्र आवाज करते, खोली आणि संदर्भ सांगत नाही. आवाज आला की माणूस खणतोच, आणि लोखंड बाहेर आले की हवेने काही दिवसांत सोलायला लागते. अशा लोखंडाला प्रयोगशाळेतच वाचवता येते. तुमच्या गावात कोणी आधीच काही काढले असेल तर ते पाण्याने धुऊ नये, तेल लावू नये. कोरड्या कागदात गुंडाळून, जागेची चिठ्ठी लावून वर सांगितल्याप्रमाणे जिल्हाधिकारी कार्यालयात आणि पुरातत्त्व खात्यात कळवावे.